वासूच्या गाडीच्या पाठीवरचा नंबर

अठ्ठावीस वर्षं कंडक्टरकी केली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपणहून गाडीत चढतात. तिकिटाच्या गड्ड्या संपायच्या, पण हे संपायचे नाहीत! सगळे सांगायला बसलो तर तुमचा चहा गार होईल, म्हणून आज फक्त एका गाडीचे सांगतो. दोन हजार चार-पाचचा सुमार. डेपो मालवणच्याच बाजूचा. नाव मात्र विचारू नका, त्यातले निम्मे लोक मला अजून बाजारात भेटतात.

* * *

गाडी वासूची. वासू ड्रायव्हर म्हणजे पक्का देवभोळा. स्टेअरिंगच्या वर त्याचं देवघरच होतं, मधोमध धामापूरच्या भगवतीचा फोटो आणि त्याला रोज ताजी जास्वंद. मी त्याचा कंडक्टर.

एका सोमवारी गाडी वर्कशॉपमधून आली ती पाठीवर नवीन जाहिरात घेऊन. हिरव्या पट्ट्यावर पांढरी अक्षरं : ‘इस्लामविषयी मनात प्रश्न आहे? मोकळेपणाने विचारा.’ खाली फोन नंबर. आधी तिथे बनियनची जाहिरात होती, तिच्याबद्दल कुणी कधी चकार शब्द काढला नव्हता.

वासूला याचा पत्ताच नाही. चार दिवस गाडी धामापूर, ओरोस, तोंडवली फिरली. मागचे रिक्षावाले हॉर्न मारून हातवारे करायचे. वासूला वाटायचं, मागचा टायर बसला. दोनदा खाली उतरून, त्या जाहिरातीच्या शेजारी वाकून, टायर दाबून आला!

पाचव्या दिवशी कंट्रोलर बापूने त्याला गाठलं. "वासू, तुझ्या पाठीर काय लिवलेला आसा, म्हायत आसा तुका?"

"मी पुढे बघून गाडी चलवतंय रे मेल्या!" वासू म्हणाला. "पाठी बघूचा काम कंडक्टराचा."

सगळा डेपो माझ्याकडे बघायला लागला.

* * *

नंबर होता हसन मास्तरांचा. डेपोच्या मागच्याच गल्लीत राहायचे. हायस्कूलमध्ये गणित शिकवून रिटायर झालेले. आमचा अर्धा स्टाफ त्यांच्या हातचा मार खाऊन मोठा झालेला, मॅनेजरसाहेबसुद्धा!

आता गंमत बघा. आमचा चौकशीचा फोन कायम एंगेज. त्यात लोकांना गाडीवर एक नंबर दिसला. वर काय लिहिलंय ते कोण वाचत बसतो? ‘विचारा’ म्हटलंय आणि नंबर दिलाय, एवढं पुरे!

पहिलाच फोन तोंडवलीच्या पार्वतीकाकीचा. ती मासे विकायला आमच्याच गाडीने फिरायची.

"धामापूरची गाडी खंय पावली ओ?"

मास्तर शांतपणे म्हणाले, "बाई, हा इस्लामविषयीचा नंबर आहे."

"आसांदे मरे! गाडी खंय पावली ता सांगा. हय माझो बर्फ इरघळता!"

मास्तरांनी रिसिव्हर टेबलावर ठेवला, पायांत चपला सरकवल्या, डेपोत येऊन बोर्ड बघितला, परत जाऊन तिला वेळ सांगितली. काकी तोपर्यंत फोन कानाला लावून उभी होती.

* * *

मग रोजचंच झालं. तिसऱ्या दिवशी मास्तर वही घेऊन आले आणि अख्खं टाइमटेबल उतरवून घेऊन गेले. गणिताचा माणूस तो! घरी तक्ता केला, फोनच्या वर टांगला. कुठली गाडी आठवडा बाजाराच्या दिवशी किती उशिरा येते, तेही लाल शाईने. फोन दुसऱ्या रिंगला उचलायचे. कधी चिडले नाहीत हो, एकदासुद्धा नाही.

मास्तर नसले तर चाची, म्हणजे त्यांची बायको, उचलायची. "मास्तर नमाजाक गेलेत. ओरोसची गाडी सव्वा बाराक आसा. जेवान निगा, घाय करू नका!"

पुढे पुढे बापू कंट्रोलर चौकशीच्या खिडकीतून लोकांना सांगताना सापडला, "माका कित्या इचारतास? गाडयेच्या पाठीरच्या नंबराक करा!"

आणि त्या जाहिरातीविरुद्ध सह्या गोळा करत होता तोही हाच बापू.

* * *

तसं बापूचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं, हेही सांगायला हवं. कँटीनमध्ये तो टेबल बडवून म्हणायचा, "गाडी सगळ्यांची. तिच्यार कोणाच्याच धर्माची जाहिरात नको. आज ह्येंची, उद्या आणि कोणाची!"

मेकॅनिक विचारायचा, "मगे वासूच्या डोक्यावरले देव पण उतरवूचे काय?"

"ती भक्ती! जाहिरात न्हय!"

"आणि मास्तरांची?"

"ता... ता वेगळा!" आणि बापू चहा बशीत ओतायचा.

पेपरात दोन्ही बाजूंनी पत्रं आली. शेवटी वरून कागद आला, प्रवाशांचं मत घ्या. साहेबांनी वही काढली आणि नेहमीप्रमाणे माझ्या गळ्यात मारली. पहिलं मत पार्वतीकाकीचं. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो : "जाहिरात ठेवा नायतर पुसा. पण नंबराक हात लावलास तर माशांची टोपली सायबाच्या टेबलार ओतीन." खाली अंगठा.

साहेबांनी ते शुद्ध मराठीत करून वर पाठवलं : ‘सदर क्रमांक प्रवाशांस उपयुक्त वाटतो.’

* * *

सप्टेंबरात मास्तर स्वतः साहेबांच्या केबिनमध्ये आले. साहेब ताडकन उभे राहिले. बापू तिथेच होता, त्याने हात पाठीमागे बांधले, वर्गात बांधायचा तसे.

मास्तर म्हणाले, "कुणाला त्रास होत असेल तर पुसून टाका. मी लिहून देतो."

साहेबांनी विचारलं, "सर, पण मुळात ही जाहिरात दिलीत कशाला?"

"हल्ली मी चहाच्या टपरीवर आलो की बोलणं थांबतं," मास्तर म्हणाले. "माझ्याच विद्यार्थ्यांचं. मी वर्गात सांगायचो ना, अडलं तर विचारा, मनात ठेवू नका? म्हटलं, तेच गाडीवर लिहावं." मग चष्मा पुसत म्हणाले, "आठ महिने झाले. टाइमटेबल पाठ झालं. प्रश्न मात्र एकही आला नाही."

खरं सांगतो, टपरीवर गप्प होणाऱ्यांत मीही होतो.

साहेब म्हणाले, दसऱ्यानंतर बघू.

* * *

पण खंडेनवमी दसऱ्याच्या आधी येते! त्या दिवशी डेपोत गाड्यांची पूजा. प्रत्येक गाडीसमोर नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने मोठ्याने मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. आमच्याकडे गाऱ्हाणं वासू घालायचा. त्याशिवाय तो स्टेअरिंगला हातही लावत नसे.

सगळ्या गाड्या झाल्या. वासूची राहिली. बापू पुढे आला, मागे पेंटर लाल रंगाचा डबा घेऊन उभा. "आधी ता पुसा, मगे गाऱ्हाणा," बापू म्हणाला. चार-पाच जणांनी माना डोलावल्या. काहींनी खाली घातल्या. साहेब घड्याळ बघायला लागले. ब्रश बुडवायचाच बाकी होता.

वासू नारळ हातात घेऊन गाडीच्या मागे गेला आणि ती जाहिरात पहिल्यांदाच अक्षर न् अक्षर वाचली. मग नारळ माझ्या हातात दिला, तडक चौकशीच्या खिडकीत गेला, क्लार्क घरच्यांशी फोनवर गप्पा मारत होता त्याच्या हातातला रिसिव्हर काढून घेतला आणि ओरडला, "रे कंडक्टर, नंबर वाच!"

मी गाडीमागे उभा राहून एकेक आकडा ओरडून सांगितला.

दुसऱ्या रिंगला उचलला. त्या फोनचा आवाज एवढा मोठा की अंगणापर्यंत ऐकू यायचा.

"धामापूर पावणेअकरा," मास्तर म्हणाले.

"मास्तरांनू, ती गाडी मीच चलवतंय. माका प्रश्न इचारूचो आसा."

"कुठल्या गाडीचा?"

"गाडयेचो न्हय. जाहिरातीतलो."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"आज गाऱ्हाण्यात मी तुमचा नाव घेतलंय तर तुमच्यात चलता काय? तुमका पाप लागाचा नाय मां?"

वासूने दोनदा ‘हॅलो’ केलं. मग मास्तर बोलले आणि जन्मात पहिल्यांदा आम्ही त्यांना मालवणीत बोलताना ऐकलं.

"वासू, तू तुझ्या देवाकडे माझा बरा माग. मी माझ्याकडे तुमचा रोजच मागतंय." मग घाईघाईने, "थांब रे! सुरू करू नको. येतंय मी!"

दोन मिनिटांत मास्तर गल्लीतून धावत आले, अनवाणी! मागून त्यांच्या चपला घेऊन चाची. "फोन तसोच लोंबतो टाकून धावले गो बाय," ती धापा टाकत सांगत होती.

बापूने मास्तरांकडे बघितलं, पेंटरकडे बघितलं. "डबो बंद कर," म्हणाला.

वासूने डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा! ह्या गाडयेच्या वाटेत जे येतत त्यांची राखण कर. पोटात बसतत त्यांची राखण कर. आणि पाठीर ज्यांचो नंबर आसा, त्या आमच्या हसन मास्तरांची पण राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज बापूचा.

पावणेअकराची गाडी सव्वा अकराला निघाली. धामापूरच्या वाटेवर पार्वतीकाकी टोपली घेऊन उभी होती, लालबुंद झालेली. चढता चढता ओरडली, "काय मेल्यांनू! मगाधरनं मास्तरांचो फोन एंगेज! येवढे कोणाशी बोलतत ते?"

वासूने गिअर टाकला.

"माझ्याशी," म्हणाला.