घाबरायचं खातं माझ्याकडे

आमच्या केकच्या दुकानात दोन खाती आहेत. केक करायचं खातं थोरल्या जाऊबाईंकडे, म्हणजे आमच्या वहिनींकडे, आणि घाबरायचं माझ्याकडे. चेष्टा नाही करत मी, ही वाटणी त्यांनीच केलेली आहे. दुकान नवीन होतं, पहिलीच मोठी ऑर्डर, आणि ओव्हन मध्येच बंद पडला. मी दुकानभर येरझारा घालत "आता काय करायचं"चा धोशा लावला होता. वहिनी हात पुसत म्हणाल्या, "हे बघ, दोघींनी घाबरून चालणार नाही. तू घाबर, मी पलीकडच्या बेकरीत विचारून येते." आणि गेल्यासुद्धा.

तेव्हापासून मी अगदी मन लावून घाबरते. फोन मी घ्यायचे, गिऱ्हाइकांची बोलणी मी खायची, व्हॅनही मीच चालवायची. वहिनींनी फक्त क्रीमची पिशवी हातात धरायची. एकदा केकवर नाव चुकलं आणि गिऱ्हाईक दारात उभं. वहिनी म्हणाल्या, "खरवडते, पुन्हा लिहिते. त्यांना खुर्ची दे." झालं, एवढंच. आमचे हे त्यांना घरातला दुसरा फ्रीज म्हणतात. लोक मला ऐकवतात, वहिनींकडून शिका जरा. अहो, त्यांचं डोकं थंड राहावं म्हणून माझं तापतं, त्याचं कौतुक कोण करणार? राग येतो मला कधी कधी, लपवत नाही.

थोरले भाऊजी लवकर गेले. पदरात एकुलती लेक, ठकी. खरं नाव वेगळं आहे, पण आम्हाला ती ठकीच. वहिनींनी तिला एकटीने वाढवलं, शिकवलं, लग्न करून दिलं, आणि हे सगळं आवाज न चढवता.

तर त्या दिवशी ठकीला बाळंतपणासाठी सकाळीच दवाखान्यात नेलं होतं. जावई सोबत होता. तो म्हणाला, अजून अवकाश आहे, तुम्ही सावकाश या. इकडे संध्याकाळी द्यायचा तीन थरांचा केक ओट्यावर. कुणाच्या तरी लग्नाला पन्नास वर्षं झाली होती. वहिनी वरच्या थरावर गुलाब काढत होत्या. मी माझं खातं सांभाळत होते, म्हणजे दर पाच मिनिटांनी दारापर्यंत जाऊन परत येत होते.

ठकीचा फोन आला. वहिनींचे हात क्रीममध्ये, म्हणून मीच त्यांच्या कानाला फोन धरला. मलाही सगळं ऐकू येत होतं.

"आई, मला खूप भीती वाटतेय."

"काही होत नाही. पाणी पी, लांब श्वास घे. सगळं नीट होतं."

ठकी म्हणाली, "आई, तुला कधी काही वाटतं का गं?" आणि तिने फोन ठेवून दिला.

वहिनी पुन्हा गुलाबाकडे वळल्या. पाकळी काढली, खरवडली. पुन्हा काढली, पुन्हा खरवडली. इतक्या वर्षांत मी त्यांना एकच फूल असं घोळवताना पाहिलं नव्हतं. तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. या वेळी जावई. बाळाचे ठोके कमी होतायत, ऑपरेशन करावं लागणार, आत न्यायची तयारी चालू आहे.

मी सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "एवढा थर पुरा करते, मग निघू."

माझं डोकंच फिरलं. मी त्यांच्या हातातली पिशवी ओढून घेतली. "थर गेला खड्ड्यात. चला."

"त्या लोकांना काय सांगायचं?"

ज्या एका फोनची धास्ती मी आयुष्यभर घेतली, तो मी उभ्याउभ्या केला. केक होणार नाही म्हणाले, कारण सांगितलं. फोनवरच्या आजीबाई म्हणाल्या, "अहो मग बोलत काय बसलाय? निघा." एवढ्यासाठी मी इतकी वर्षं रक्त आटवत होते.

व्हॅनमध्ये वहिनी बोटांवरचं वाळलेलं क्रीम नखाने काढत बसल्या होत्या. प्रत्येक सिग्नल आम्हाला लाल. मी हॉर्न वाजवत होते, पुढच्या रिक्षावाल्याला मनातल्या मनात शिव्या घालत होते, मग मोठ्याने घातल्या. वहिनी मध्येच म्हणाल्या, "हिचे बाबा गेले तेव्हा ही एवढीशी होती. मी रडले की ही जेवायची नाही. म्हणून तिच्यासमोर रडणं बंद केलं. मग ते बंदच राहिलं." थोड्या वेळाने म्हणाल्या, "तिला आत नेलं असेल का गं? मला काहीच वाटत नाही असं धरून ती आत गेली तर?"

मी गाडी दामटली.

मुलगी झाली आणि दोघी सुखरूप आहेत, हे आधीच सांगून टाकते. असल्या गोष्टी ताणलेल्या मला स्वतःलाच सोसत नाहीत. पण सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं.

आम्ही धावत वर पोचलो तेव्हा ठकीचं स्ट्रेचर ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी आलं होतं. हिरवा गाऊन, केस टोपीत कोंबलेले, चेहरा पांढराफटक. आईला पाहिलं आणि तिने मान भिंतीकडे वळवली. वहिनी जवळ गेल्या. तोंड उघडलं, "काही होत..." म्हणाल्या आणि तिथेच अडकल्या. नर्स म्हणाली, "लवकर हं, थांबता येणार नाही."

वहिनींचा आवाज फाटला. "मी फार घाबरलेय गं ठके. सकाळपासून हात धड चालत नाहीये माझा. एक फूल जमलं नाही." आणि त्या रडायला लागल्या. हुंदके देऊन, नाक गळेपर्यंत, सगळ्या लोकांसमोर. मी पुढे होऊन त्यांना धरलं, कारण त्या पडतील असं मला वाटलं.

ठकीने मान वळवली. आईकडे नीट पाहिलं, अनोळखी माणसाकडे पाहावं तसं. मग चादरीखालून हात काढून तिने आईची अजून क्रीम चिकटलेली बोटं घट्ट धरली. तिच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण चेहऱ्यावर रंग परत येत होता.

"मला वाटत होतं, मी एकटीच आहे," ती म्हणाली.

मग तिने स्वतःच हात सोडवला आणि नर्सला म्हणाली, "चला आता."