किसनच्या रकान्यात सुकदेव

विशाखाचा स्वभाव मुळात काळजीखोर. डिंडोलीच्या घरातून निघताना कुलूप तीनदा ओढून पाहणार आणि जिन्यावरून परत येऊन चौथ्यांदा. रेल्वेतून निवृत्त झालेले वडील म्हणत, हिला सिग्नलवरच बसवायला हवं होतं. ती बसली सचिन गावातल्या एका डाइंग मिलमध्ये, कॉम्प्युटरपुढे.

तिथला डेटाबेस रंगाचं काम बघणारे मास्तर गजेंद्रभाई यांनी स्वतः बनवलेला. कापड रंगवणाऱ्या प्रत्येक जेट मशीनचं तापमान त्यात आपोआप नोंदलं जाई आणि खात्यातल्या मोठ्या टीव्हीवर दिसे. पण रकान्यांना नावं मशीनची नव्हती, त्यावर उभ्या राहणाऱ्या माणसांची होती: किसन, सुकदेव, बाबुराव. मिलमध्ये बोलतातच तसं, 'किसनवर आज निळा लावा.' विशाखाने पहिल्याच आठवड्यात सांगितलं, की माणूस हलतो, मशीन हलत नाही. रकान्याला मशीनचा नंबर द्या आणि पुढे काय मोजलंय ते लिहा. मास्तर हसले. नावं बदलली तर त्यांवर चालणारे सगळे रिपोर्ट बंद पडतील, म्हणाले, आणि इथे सगळ्यांना सगळं ठाऊक आहे.

सोमवारी किसन गावी गेला. मास्तरांनी सुकदेवला पाच नंबरवरून काढून किसनच्या तीन नंबरवर उभं केलं. हे विशाखाला दुपारी कळलं. तीन नंबरवरचं तापमान दाखवणारं मीटरही कालपासून बंद होतं, म्हणजे सुकदेव टीव्हीवरच बघणार. कुणाचं नाव बघणार?

तिने लगेच कॉम्प्युटरवर आकडे पाहिले. किसन एकशे अठरा अंश, सुकदेव अडुसष्ट. ऐंशीच्या खाली आल्याशिवाय मशीनचं झाकण उघडायचं नाही, नाहीतर दाबाखालचं पाणी थेट तोंडावर येतं. ती धावत सुटली. एक चप्पल जिन्यातच राहिली.

रंग कसा चढलाय ते बघायला सुकदेव झाकणाच्या हँडलला हात घालत होता. तिने त्याचं मनगट धरलं. चारचौघांत पोरीने हात धरला म्हणून तो वैतागला आणि टीव्हीवरच्या आपल्या नावाकडे बोट दाखवून म्हणाला, "अडुसष्ट. तठे मन्हंच नाव शे ना."

"ते पाच नंबरचं आहे, काका."

मास्तर आले, आकडे पाहिले. मग विशाखाच्या खुर्चीमागे उभे राहून त्यांनी एकेक नाव बदलून घेतलं. जेट ३ तापमान, जेट ५ तापमान. रिपोर्ट पटापट बंद पडू लागले. पडू देत, म्हणाले. एक नाव विशाखाला दोनदा लिहावं लागलं.

चहाच्या वेळी सुकदेव तिच्या दारात आला. राग अजून पुरता उतरलेला नव्हता.

"मी हात लावा तव्हय कितलं व्हतं?"

"एकशे अठरा."

सुकदेव दारातच खाली बसला.