विकतचं पाणी

आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे २०१४ मध्ये, बाबा पहिल्यांदा आमच्याकडे वेलिंग्टनजवळ अप्पर हटला राहायला आले. पुण्यात ते दादा-वहिनीकडे असायचे. आमचं लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती आणि आम्हाला मूल नव्हतं. घरात शांतताच फार. त्यामुळे बाबांना इथे करमावं, हे घर त्यांना आपलं वाटावं आणि त्यांनी परत परत यावं, या एकाच ध्यासानं मला पछाडलं होतं.

पहिल्या सकाळी मी नळाचं पाणी भरून तांब्या-भांडं समोर ठेवलं. त्यांनी भांडं नाकाशी नेलं, "पावडर मारलेली दिसते," म्हणाले आणि जवळ दुकान कुठे आहे ते विचारलं. मी म्हटलं, कोपऱ्यावर डेअरी आहे. "दूध नकोय गं," ते म्हणाले. इथे कोपऱ्यावरच्या दुकानालाच डेअरी म्हणतात हे समजल्यावर चपला घालून गेले आणि पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या घेऊन आले.

"बाबा, इथलं टॅप वॉटर एकदम स्वीट ॲज असतं," नवरा म्हणाला. छान, झकास, असं काहीही म्हणायचं असलं की इथे लोक हेच म्हणतात.

"गोड? मला तर पावडरच लागते."

जन्मभर महापालिकेचं पाणी प्यायलेला हा माणूस. मी फिल्टरचा जग आणला. तो बाबांनी कौतुकानं न्याहाळला आणि बाटली उघडली. मग ओट्याखाली बसवायचा फिल्टर घेतला, सिंकवर त्याची वेगळी छोटी तोटीसुद्धा आली. "उत्तम काम केलंय," ते म्हणाले, "पण माझ्या घशाला नाही सोसत." त्यांनी त्यातला एक घोटही घेतला नव्हता. सकाळचा चहासुद्धा स्वतःच उठून बाटलीच्या पाण्यात करायचे. रिसायकलिंगचा बिन रिकाम्या बाटल्यांनी भरून वाहायला लागला आणि शेजारीपाजारी काय म्हणतील या विचारानं मी त्या पायानं चेपून आत कोंबायला लागले.

जवळच पेटोनला सार्वजनिक नळाला थेट जमिनीखालून येणारं पाणी आहे. त्यात पावडर नाही की काही नाही. लोक कॅन घेऊन येतात आणि भरून नेतात. नवऱ्यानं तिथून दोन कॅन आणले. बाबांनी त्यालाही हात लावला नाही. पुढच्या शनिवारी मी हट्टानं त्यांनाच तिथे घेऊन गेले. तर तिथे ते वाकले, ओंजळ धरली आणि पोटभर प्यायले! शर्टाची बाही भिजली. "वा," म्हणाले, "अमृत आहे." तेच पाणी कॅनमधून घरी आलं आणि त्यांना पुन्हा बाटली आठवली.

राग माझ्या नाकावरच असतो. घरी आल्यावर मी वहिनीला फोन लावला आणि तासभर बाबांच्या चोचल्यांचा पाढा वाचला.

"तुला खरंच माहीत नाही?" तिनं विचारलं. "अगं, आईंनी धरलं होतं ते. लेकीची कूस उजवेपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही. त्या गेल्यावर आता बाबा पाळतात."

"आणि आमटीत काय असतं? जेवतात की ते माझ्याकडे!"

"शिजवलेलं चालतं म्हणे, चहा तेवढा नाही," वहिनी म्हणाली आणि हसली. मलाही हसू आलं, पण ते फार टिकलं नाही.

बाबा तसे उपास-तापासाची टिंगल करणारे. आईच्या संकष्टीला ते मुद्दाम भज्यांची फर्माईश करायचे. त्याच माणसानं तिच्या माघारी एवढी एकच गोष्ट जपली होती, आणि तीसुद्धा माझ्यासाठी. मला गहिवरून यायला हवं होतं. पण माझा तिळपापड झाला. कारण आम्ही मागच्याच हिवाळ्यात उपचार थांबवले होते. वेलिंग्टनच्या डॉक्टरीणबाईंनी आता यात अर्थ नाही असं स्पष्ट सांगितलं होतं आणि आम्ही ते कुणाला बोललो नव्हतो. आपण सोडलेल्या आशेवर दुसरं कुणी अजून आपल्या घरचं पाणी वर्ज्य करून बसलंय, हे मला सोसवेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा बाटली घेऊन दारातून आत आले आणि मी म्हटलं, "बाबा, किती वर्षं विकत आणणार आहात? वहिनीनं सांगितलं मला. आम्ही थांबवलंय सगळं. होणार नाहीये आम्हाला मूल."

ते दारातच उभे राहिले. मग चपला काढल्या, बाटली खाली ठेवली आणि स्वयंपाकघरात आले. फडताळातून पेला घेतला. छोट्या तोटीखाली धरला. पेला भरेपर्यंत त्यांची पाठ माझ्याकडे होती. मी इतके दिवस ज्या एका घोटासाठी जिवाचं रान केलं होतं, तो समोर दिसत असताना मला वाटलं, धावत जावं आणि पेला हातातून काढून घ्यावा. मी जागची हलले नाही. ते उभ्या उभ्या सगळं पाणी प्यायले.

"छान आहे गं," ते म्हणाले. "कसलाही वास नाही."

निघेपर्यंत मग ते आमच्याबरोबर आमचंच पाणी प्यायले. डेअरीत पुन्हा गेले नाहीत. मी त्यांना सांगायला नको होतं. अख्ख्या जगात तेवढा एकच माणूस अजून माझ्या मुलाची वाट पाहत होता.