भाई मेहरूचं अडलेलं कडवं

भाई मेहरू मुसलमान होता आणि गुरुद्वाऱ्यात कीर्तन करायचा. तरनतारनजवळच्या सुजानकोटात याचं कुणालाच नवल नव्हतं. त्याच्या बापानं, आज्यानं, पणज्यानं हेच केलं होतं. बाबा नानकांच्या संगतीत रबाब वाजवत फिरणारा मर्दाना मुसलमानच होता, तेव्हापासूनची ही चाकरी. रबाबीच म्हणायचे यांना. पहाटे तीनला उठायचं, अंगावर विहिरीचं पाणी घ्यायचं, गुरुग्रंथासमोर बसायचं आणि गुरूंची चोवीस कडव्यांची बाणी गायची. मेहरू पेटी धरायचा, धाकटा भाऊ वजीर ताल. नवव्या कडव्याच्या सुमारास मशिदीतून बांग यायची. मग वजीर एकटा गायचा. मेहरू मागच्या दारानं उठून ओसरीवर नमाज पढून यायचा आणि दहाव्याला हजर व्हायचा.

"आणि तुझी नमाज रे वजीर?" कुणी विचारलं की वजीर छाती काढून म्हणायचा, "माझ्यासाठी अल्ला थांबतो. भाईसाहेबांसाठी थांबत नाही, त्यांचा आवाज फार मोठा ना!"

मग देश तुटला. सुजानकोटातल्या मुसलमानांना दोन दिवसांत निघायचं होतं. केहर सिंग लोहार हातात तलवार घेऊन त्यांच्या गाडीबरोबर छावणीपर्यंत चालत गेला आणि वाटभर दम लागलेल्या भात्यासारखा बोलत राहिला. "दोन महिने... बस, दोन महिने... मग परत या... पहाटे गायचं कोणी?" रावी ओलांडायच्या आधी वजीर पटकीनं गेला. त्याला शेतात पुरलं. कुठल्या शेतात, ते मेहरूला पुढे कधीच सांगता आलं नाही.

पाकिस्तानात, गुजरांवाल्यात एका शीख सावकाराच्या ओस पडलेल्या घरातली एक खोली मिळाली. पण पोटासाठी गाणार काय? दर्ग्याच्या उरुसात लोकांनी कव्वालीला बसवलं. मेहरूनं डोळे मिटले, तोंड उघडलं, आणि बाहेर पडली बाबा नानकांची बाणी. पहिल्या ओळीला कुणाला कळलं नाही. दुसऱ्या ओळीला मागून एकजण ओरडला, "ओये, हा तर सरदारांचं गातोय!" खाली उतरवलं त्याला. गल्लीतले मौलवीसाहेब प्रत्येक शब्द पानासारखा चघळत बोलायचे. "मियाँ... नमाज पढता... रोजे ठेवता... आणि तोंडात हे?"

"जी, नमाज अल्लाची, गाणं बाबांचं," मेहरू म्हणाला. "दोन्ही एकाच तोंडातून जातात. तोंड एकच दिलंय त्यानं."

"मी समजतो हो. पण लोकांपुढं माझं काही चालत नाही."

मेहरूनं गाणं बंद केलं आणि रस्त्यावर भाजलेले हरभरे विकायला लागला. मुलगा निसार लग्नाच्या बँडमध्ये सनई फुंकायचा. बापानं एकदा म्हटलं, "ये, बैस, घरची धून शिकवतो." निसार हसला. "अब्बा, कुणापुढं वाजवू? नवरदेवाच्या घोड्यापुढं?" ती धून कागदावर नव्हती. मेहरूला वाचता येत नव्हतं, बापालाही नव्हतं. बापाच्या तोंडून मुलाच्या कानात गेली तरच ती राहायची.

आठ वर्षांनी परवानगीपत्रं मिळायला लागली. मेहरू कचेरीत रांगेत उभा राहिला. कारकून नाकात बोलणारा होता.

"कशाला जायचंय तिकडं?"

"गायला, जी. एकदा, आपल्या दरबारात, गुरुद्वाऱ्यात."

"गायला? इकडं गळा बसतो का तुमचा?" मागे रांगेत हशा पिकला. तरी शिक्का बसला. सात दिवस.

सुजानकोटात केहर सिंगानं त्याला मिठी मारली आणि सोडेचना. दाढी पांढरी झाली होती, दम तसाच. "दोन महिने म्हणालो होतो... आठ वर्षं लावलीस, नालायका!" मेहरूच्या घरात आता पाकिस्तानातल्या मिंटगुमरीहून उठून आलेलं कुटुंब राहत होतं. त्यांनी लस्सी दिली, बसायला खाट दिली आणि सगळे उभेच राहिले, हा घर परत मागायला आलाय की काय म्हणून. मेहरूनं लस्सी संपवली, दुवा दिली आणि उठला. त्याला घर नको होतं. त्याला एक पहाट हवी होती.

ती देणं गुरुद्वाऱ्यात आता पाठ-कीर्तन करणाऱ्या ग्यानी तरलोक सिंगांच्या हाती होतं. ग्यानीजी नवे, तेही पलीकडून, शेखूपुऱ्याहून आलेले, तिशीचे. दर वाक्याला "बघा ना जी" म्हणायची सवय. सगळं ऐकून घेतलं, उठून मेहरूच्या पायांना हात लावला आणि पुन्हा बसले.

"बघा ना जी, गुरुद्वाऱ्याच्या कमिटीचा ठराव आहे. अमृत घेतलेल्या शिखानंच ग्रंथासमोर बसून गायचं. तुम्ही अमृत घ्या, शीख व्हा, उद्याच गा. मी स्वतः तुमच्या मागे तालाला बसतो."

"इतक्या पिढ्यांत कुणी मागितलं नाही, ग्यानीजी."

"अरे, घेऊन टाक की!" केहर सिंग मध्येच म्हणाला. "तिकडं गेल्यावर... कुणाला सांगू नकोस!"

"आणि अल्लाला?" मेहरू म्हणाला. केहर सिंग खोकत राहिला.

ग्यानीजींनी आवाज खाली आणला. "बघा ना जी, कमिटीला मी समजावलंही असतं. पण पहिल्या रांगेत माझी आई बसते. आमच्या घरातून आम्ही दोघंच आलो. अकरा माणसं होतो. तुमची टोपी, तुमचं नाव... ती उठून जाईल. तिला मी काय सांगू? तुम्हीच सांगा."

मेहरू उठला. तो म्हणाला, "आईला माझा सलाम सांगा," आणि मग त्याच्या लक्षात आलं की तेही सांगता येणार नाही.

पाच दिवस तो गुरुद्वाऱ्यात भक्तांच्या मागे भिंतीला टेकून बसला, मध्येच जुन्या सवयीनं मागच्या दारानं उठून नमाज पढून यायचा. ग्यानीजी गायचे. आवाज गोड, चाल सिनेमाच्या वळणाची. चुकीच्या जागी स्वर उचलला की मेहरूचा गुडघा आपोआप हलायचा आणि तो त्याच्यावर हात दाबून धरायचा. सहाव्या दिवशी केहर सिंग म्हणाला, "उद्या तू चाललास. माझ्या अंगणात गा. मी ऐकतो, म्हैस ऐकेल. म्हैस तुझ्या वेळची नाही... पण ऐकेल."

शेवटच्या पहाटे अंगणात सतरंजी अंथरली. ग्रंथाशिवाय मेहरू जन्मात कधी ही बाणी गायला नव्हता. समोर बघायला काही नव्हतं म्हणून त्यानं गुरुद्वाऱ्याच्या दिशेला तोंड केलं. पेटी फाटक्या आवाजाची, उसनी आणलेली. पहिल्या कडव्याला गळा खरखरला, तिसऱ्याला मोकळा झाला. केहर सिंग डोळे पुसत, खोकला गिळत बसला होता. आठवं संपलं. मेहरूनं श्वास घेतला आणि थांबला.

"काय झालं?"

"नववं."

"मग म्हण की!"

"ते वजीरचं होतं. मी नमाजला जायचो." लहानपणी पाठ केलेलं होतं, पण चाळीस वर्षं तोंडात आलं नव्हतं. धून सगळी होती, शब्द एकही नव्हता. त्यानं नुसते स्वर गुणगुणले. पुन्हा गुणगुणले. "केहर, तू तर रोज असायचास. काय होतं रे?"

"मला काय विचारतोस! मी नुसतं ऐकलंय." केहर सिंग रडकुंडीला आला. "आणि खरं सांगू? नवव्याला मला डुलकी लागायची."

तो उठला आणि पायात जोडा न घालताच धावला. थोड्या वेळानं ग्यानीजींना ओढतच घेऊन आला. ग्यानीजी उंबऱ्यापाशी उभे राहिले. त्यांनी नववं कडवं सावकाश, एकेक शब्द तोडून म्हणून दाखवलं, मुलाला शिकवतात तसं. मेहरूनं ओठ हलवले. मग पेटीचा भाता हलला आणि ते कडवं वजीरच्या धुनीत, मेहरूच्या आवाजात अंगणभर झालं.

ग्यानीजी बघत राहिले. "हे असं जातं होय? मी आजवर... बघा ना जी, हे कुठं लिहिलेलं नाही?"

"नाही."

"मला शिकवाल?"

"बसा," मेहरू घाईनं म्हणाला. "आत्ता बसा. निदान हे एक."

ग्यानीजींनी उंबऱ्याच्या आत पाय टाकला, आणि मग गल्लीच्या टोकाकडे पाहिलं. गुरुद्वाऱ्यात दिवे लागले होते, बायका चादरी सारख्या करत होत्या. "आई येऊन बसली असेल, जी. माझ्या हातात असतं ना..." ते वाक्य पुरं न करताच निघून गेले.

मेहरूनं दहावं धरलं, अकरावं धरलं. बारावं अर्ध्यात होतं तेव्हा गुरुद्वाऱ्याचा भोंगा खरखरला आणि ग्यानीजींचा गोड आवाज गावावर पसरला. तीच बाणी, पहिल्यापासून, सिनेमाच्या वळणात. मेहरूनं पेटीचा भाता हळूच दाबून बंद केला.

"गा ना!" केहर सिंग ओरडला. "त्याला काय घाबरतोस? मोठ्यानं गा!"

"हळू बोल," मेहरू म्हणाला. "बाणी चालू आहे."

त्यानं खांद्यावरचा रुमाल डोक्यावर घेतला, मांडी नीट घातली आणि हात जोडून ऐकत बसला.