उपाशीपोटी साखर येते कुठून?

शालूबाईंना कुठल्याही गोष्टीच्या आत काय चाललंय ते कळल्याशिवाय चैन पडत नसे. कसबा बावड्यात त्या घरातच ब्लाउज शिवायच्या. शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याला आधी बिघाड उघडून दाखवावा लागे, मगच चहा मिळे.

पोटात दुखतंय म्हणून त्यांनी सोनोग्राफी केली. खडा काही निघाला नाही, पण लिव्हरवर चरबी निघाली. रक्तातली साखरही काठावर होती.

"लिव्हर दारू पिणाऱ्याचं बिघडतंय की," त्यांचे मालक पिराजी म्हणाले. "कवापास्नं चालू केलीस?"

"तुमच्याशी लगीन झालं तवाच चालू करायला पायजे हुती."

थट्टा तिथंच संपली. शालूबाईंच्या आईची नजर साखरेनं गेली होती. शेवटी शेवटी तिला हाताला धरून न्हाणीत न्यावं लागे. आणि शालूबाईंचं तर पोटच शिवणाच्या बारीक टाक्यांवर चालायचं. त्या दिवसापासून चहा बिनसाखरेचा झाला, सणाची पोळीसुद्धा शेजारी जाऊ लागली.

लिव्हरचं मात्र पिराजींनी मनावर घेतलं. लिव्हर म्हणजे कावीळ आणि काविळीला उसाचा रस, हे बावड्यात कुणाला शिकवावं लागत नाही. चुलतभावाचं गुऱ्हाळ नुकतंच सुरू झालेलं. रोज सकाळी ते तांब्याभर ताजा रस आणत, आलं-लिंबू पिळून समोर धरत. शालूबाई नाक मुरडून पीत. औषधच ते.

तीन महिन्यांनी तपासलं, तर साखर काठ ओलांडून गेलेली.

"रात्रीपास्नं पोटात कण न्हाय," त्या संयोगिता डॉक्टरांना म्हणाल्या. "मग ही साखर घालतंय कोण?"

"तुमचं लिव्हर," डॉक्टर म्हणाल्या. "ते साखर साठवून ठेवतं आणि उपाशी असताना थोडी थोडी रक्तात सोडतं. इन्सुलिन त्याला 'पुरे' म्हणतं. पण चरबी साठली की लिव्हर त्याचं ऐकेनासं होतं."

"म्हंजे सासूनं बास म्हटलं तरी सून वाढतच ऱ्हाती."

"तसंच. म्हणून लिव्हरवर चरबी असलेल्यांना मधुमेह होण्याची भीती जास्त. आणि मधुमेह झाला की ती चरबी आणखी वाढू शकते."

"पर चरबी आली कुठनं? तेल तर मी मोजून घालते."

"जास्तीच्या साखरेचीही लिव्हरमध्ये चरबी होते. गोड काय खाता?"

"कायच न्हाय. सकाळचं औषध तेवढं."

"कसलं औषध?"

दाराशी बसलेल्या पिराजींनी मोठ्या अभिमानानं सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. शालूबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की रोज तांब्या रिकामा तर आपणच केला.

"आता मागं फिरंल का हे?" त्यांनी विचारलं.

"चरबी उतरली तर साखरही उतरते बऱ्याच जणांची. खात्री देत नाही. गोळी घ्या, रोज चाला. आणि डोळे तपासून या."

रस बंद झाला. पिराजी बायकोसोबत मुकाट्यानं चालायला जाऊ लागले. कुणी विचारलं, "काय पावणं, कुठं?" की म्हणत, "साखर उतरवायला."

डोळ्यांच्या दवाखान्यात औषध घालून बाहुल्या मोठ्या केल्या, मागच्या पडद्याचा फोटो काढला. "पडदा चांगला आहे," तिथले डॉक्टर म्हणाले.

"मला दावा की."

त्यांनी स्क्रीन वळवला. नारिंगी गोळा, त्यात लाल शिरांचं जाळं. शालूबाईंना औषधामुळं धूसर दिसत होतं, तरी त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"आणि साखरेनं नजर गेलेल्याचा कसा दिसतोय? आईचं काय झालं हुतं, ते मला कुणी सांगितलंच न्हाय."

डॉक्टरांनी संगणकात शोधलं. मग दुसऱ्या एका पेशंटचा, नाव झाकलेला जुना फोटो शेजारी लावला. शालूबाईंनी स्टूल पुढं ओढलं.