गोलकीची हाक

दिवाळी अंकासाठी मी एका वेल्श फुटबॉलपटूवर लेख लिहिला. शंभर वर्षांपूर्वीचा बॅक, गोलपुढे बचाव करणारा. कुठल्या क्लबात खेळला, देशाकडून किती वेळा उतरला, शेवटी कुणी विचारेनासं कसं झालं, सगळं मोबाईलवर सापडलं. 'गोल वाचवणाऱ्याची आठवण कुणी ठेवत नाही' असं तोऱ्यात लिहून मी अमरावतीत चार लोकांची वाहवा घेतली. लाज वाटायला हवी होती मला.

कारण माझ्यापुढेही एक बॅक खेळायचा, अकोल्याचा. मी गोलकी, म्हणजे गोलकीपर. आमच्या टीमचा दस्तूर होता: गोलकीनं 'सोड' म्हटलं की बॅकनं मागं न बघता बॉल सोडायचा, आणि ग्राउंडबाहेर कुणी कुणाची चूक सांगायची नाही. फायनलला मी 'सोड' म्हणून ओरडलो. त्यानं सोडला. बॉल माझ्या हातातून निसटून आत गेला. कोचनं विचारलं तेव्हा मी बेशरमपणे म्हणालो, मी हाक दिलीच नव्हती. त्यानं दस्तूर पाळला. विदर्भाच्या टीममध्ये त्याची निवड जवळजवळ पक्की होती. ती हुकली ती कायमचीच, माझी मात्र झाली. वर गावानं त्याला 'सोड्या' नाव ठेवलं.

परवा तो अंक घेऊन अकोल्याला गेलो. मनाशी म्हटलं, बस झालं, आज सांगून मोकळं व्हायचं. त्यानं चष्मा लावून लेख शेवटपर्यंत वाचला, चांगला लिहिलाय म्हणाला. त्या कौतुकानं तर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी तेव्हा हाक दिली होती रे," मी म्हणालो.

"मले काय सांगतं? मले तं ऐकू आली होती." त्यानं स्वयंपाकघराकडे मान वळवली. "तिले सांग."

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. नवऱ्याच्या हातात कप देताना म्हणाल्या, "कप तरी नका सोडू हातातून," आणि माझ्याकडे बघून हसल्या. लग्न झाल्यापासून ही थट्टा चालू असणार. तो दोन्ही हातांनी कप धरून माझ्याकडे बघत राहिला.

शब्द अगदी ओठांवर आले होते, खोटं नाही सांगत.

"वहिनी," मी म्हणालो, "चहा फक्कड झालाय."