बैलाच्या फ्लेक्सवरचा फोटो

माझ्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन कोल्हापुरात भरलं, तेव्हा लोक मनापासून हसले. हसावं म्हणूनच मी ती काढली होती. वाढदिवसाच्या फ्लेक्ससारखी मोठी, भडक चित्रं: गॉगल लावलेला कोंबडा, सोन्याच्या साखळ्या घातलेला कुत्रा आणि मधोमध फेटा बांधलेला बैल. बैलाखाली शुभेच्छुक म्हणून एकच मिशाळ चेहरा अकरा वेळा.

तिसऱ्या दिवशी दुपारी, मार्केट यार्डात गूळ पोचवून आलेले मुरगूडकडचे एक गृहस्थ आत शिरले. चपला त्यांनी दाराबाहेर काढल्या, टोपी सारखी केली आणि हात मागं बांधून बैलासमोर उभे राहिले. हसले नाहीत. अकराही शुभेच्छुक त्यांनी एकेक करून बघितले.

“पावणं, ह्यात मालक कुठं हाय?”

“काढला नाही,” मी म्हटलं.

“मग वाढदिवस केला कुणी? बैलानं?”

त्यांनी बैलाच्या फेट्याकडं बोट केलं.

“आमी बी लावलता आमच्या बैलाचा फ्लेक्स. खाली घरातल्या समद्यांचं फोटो. आमची कारभारीण फोटोला कधी उभी ऱ्हायची न्हाय, पर बैलासाठनं ऱ्हायली.” ते चित्राकडंच बघत होते. “आता हार घालून भिंतीवर त्योच लावलाय. दुसरा फोटोच न्हाय तिचा.”

एवढं बोलून ते चपला घालून निघून गेले.

संध्याकाळी एका बाईंनी हसत विचारलं, “हा बैल सुचला कसा हो तुम्हाला?”

“अर्धाच सुचलाय,” मी म्हटलं.